बर्फाळ डोंगरातले वाफघर: कल्पित संस्कृती रचणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शन

थंड, डोंगराळ प्रदेशातली एखादी कल्पित संस्कृती रचायला घेतली की वाफेने स्नान करण्याची जागा तिच्यात बहुधा लवकरच येते, आणि ते योग्यच आहे, कारण जिथे वर्षातले कित्येक महिने उघड्यावर अंग धुणे अशक्य असते तिथे घाम काढून स्वच्छ होण्याची काही ना काही सोय माणसे करतातच. अडचण पुढे येते. नवा लेखक आधी विधी ठरवतो, मंत्र ठरवतो, पुजारिणीच्या वस्त्रांचा रंग ठरवतो, आणि चुलीत काय जळते हे मात्र शेवटपर्यंत ठरवतच नाही. या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी सरपण, मग दगड, मग भिंती, धूर, पाणी, आणि रीतिरिवाज सर्वांत शेवटी. या क्रमाने गेल्यास अर्धेअधिक रिवाज आपोआप सुचतात, असा माझा अनुभव आहे. या जागेला आपण सोयीसाठी वाफघर म्हणू आणि ते सांभाळणाऱ्याला वाफकरी.

पहिली पायरी: सरपणाचा हिशेब

कागद-पेन्सिल घेऊन बसावे. २०० किलो दगड ३०० अंश सेल्सिअसने तापवायचे तर सुमारे ५० मेगाज्यूल उष्णता लागते. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून १५ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता निघते, पण तिच्यातली बरीचशी धुराबरोबर आणि भिंतींतून निघून जाते. चौथा हिस्सा दगडांत उतरला असे धरले तर एका स्नानाला १३-१४ किलो कोरडे लाकूड जाते, आणि लाकूड ओले असेल तर हा आकडा बराच फुगतो. हे लाकूड कोणीतरी तोडलेले, फोडलेले, पाठीवरून वाहून आणलेले आणि निदान एक उन्हाळा वाळवलेले असते. ही साखळी डोळ्यांसमोर आली की वाफघर रोज पेटत नाही, हे लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही. ते आठवड्यातून एकदा पेटेल, किंवा चार घरे मिळून एक वाफघर चालवतील, आणि त्या दिवसाला नावही पडेल. आइसलँडच्या भाषेत शनिवारला लौगार्दागुर म्हणतात, म्हणजे स्नानाचा दिवस. आपल्या कल्पित पंचांगातही असा एखादा वार येऊ शकतो.

माझ्या एका जुन्या मसुद्यात खिंड ओलांडून आलेला पाहुणा संध्याकाळी दारात उभा राहतो आणि घटकाभरात त्याच्यासाठी वाफ तयार होते, असे मी लिहिले होते. मसुदा वाचणाऱ्या स्नेह्याने समासात एवढेच लिहिले, ‘सकाळपासून कोण जाळ घालत बसले होते?’ प्रश्न रास्त होता. धुराडे नसलेले जुन्या पद्धतीचे वाफघर तापायला चार-सहा तास सहज लागतात आणि त्यानंतर ते निवळायला आणखी तासभर. म्हणजे अनपेक्षित पाहुण्याला वाफ देता येत नाही. द्यायचीच असेल तर घरातल्या कोणाची तरी पाळी त्याला द्यावी लागते. प्रसंग मी तसा बदलला, आणि यजमानाच्या मोठ्या सुनेने काही न बोलता आपला कोरडा पंचा पाहुण्याच्या हातात ठेवला, तेवढ्यावरून त्या घराचा आदरातिथ्याचा नियम वाचकाला कळला.

गाव झाडांच्या रेषेच्या वर असेल तर हिशेब आणखी कडक होतो. तिथे खुरटी झुडपे आणि वाळलेले शेण एवढेच जळण मिळते, त्यामुळे पूर्ण खोली तापवण्याऐवजी दुसरी युक्ती शोधावी लागते. भूतानमध्ये विस्तवात लाल केलेले दगड लाकडी द्रोणीतल्या पाण्यात सोडतात, दगडांचा कप्पा आणि माणसाचा कप्पा यांच्यामध्ये भोकांची फळी असते, आणि पाण्यात दवण्याच्या जातीतल्या वनस्पतीचा पाला घालतात. भटक्या टोळ्यांसाठी तंबू बरा. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने शकांचे वर्णन केले आहे, त्यात ते तीन काठ्यांवर नमदे ताणून, आत तापलेले दगड ठेवून त्यांवर भांगेचे बी टाकतात आणि त्या वाफेत आनंदाने ओरडतात, असे येते. पुढे अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या थडग्यांत काठ्या, काशाची भांडी, दगड आणि भांगेचे बी खरोखरच सापडले.

दुसरी पायरी: दगड निवडणे

दगडाची निवड हा नवोदितांकडून सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा भाग आहे, आणि कथानकाच्या दृष्टीने सर्वांत फायद्याचाही. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,६०० पटींनी वाढते. नदीतल्या गुळगुळीत गोट्याच्या भेगांत पाणी मुरलेले असेल आणि तो एकदम जाळात गेला तर तो फुटून त्याच्या कपच्या उडतात. चुनखडकाची भाजून चुनकळी होते, आणि तिच्यावर पाणी पडताच ती फसफसून डोळ्यांना झोंबणारी धूळ उडवते. थरांचे दगड पापुद्रे सुटून उलतात. ग्रॅनाइट दिसायला भक्कम असला तरी त्यातल्या क्वार्ट्झच्या कणांची रचना ५७३ अंशांना बदलते आणि ते फुगतात, त्यामुळे वारंवार कडक तापवल्यास तो भुसभुशीत होत जातो. उपयोगी पडतो तो जड, काळपट, पृथ्वीच्या पोटातून आलेला अग्निजन्य दगड: गॅब्रो, पेरिडोटाइट, किंवा छिद्रे नसलेला घट्ट काळा फत्तर.

आता असा दगड आपल्या नकाशावर कुठे मिळतो ते ठरवावे. तो दोन दिवसांच्या वाटेवरच्या एकाच कड्याखाली मिळत असेल तर त्या कड्यावर कोणाचा तरी हक्क असेल, दगड आणण्याचा ऋतू असेल, वयात आलेल्या मुलांनी पहिला दगड पाठीवरून आणण्याची रीत असेल. चांगला दगडही कायमचा नसतो. वर्ष-दोन वर्षांत त्याला तडे जातात. वाफकरी त्याला दुसऱ्या दगडाने ठोकून पाहतो: खणखणला तर परत रचतो, बद्द वाजला तर बाजूला टाकतो. असे एकच वाक्य लिहिले तरी तो माणूस आयुष्यभर हेच काम करत आला आहे, हे वाचकाला पटते.

तिसरी पायरी: जागा आणि भिंती

वाफघर राहत्या घरांपासून थोडे दूर असावे, कारण ते आज ना उद्या पेट घेते. पाण्याजवळ असावे, आणि ते पाणी न गोठणारे असावे. बर्फ वितळवून तेच पाणी ४० अंशांपर्यंत नेण्याला, शून्य अंशाच्या वाहत्या पाण्याला तेवढेच तापवण्याच्या तिप्पट उष्णता लागते. सरपणाचा हिशेब ज्याने केला आहे तो बर्फ वितळवत बसणार नाही, तो जिवंत झऱ्याशेजारी बांधेल. पाठीमागची भिंत उतारात पुरलेली असली की माती ऊब धरून ठेवते. ओंडक्यांच्या फटींत शेवाळ ठासलेले, छपरावर सालींचा थर आणि त्यावर हिरवळीची ढेकळे, असे बांधकाम उत्तरेकडच्या देशांत शतकानुशतके होत आले आहे आणि त्यात फेरफार करण्याचे काही कारण मला दिसत नाही.

दार बुटके असावे, म्हणजे वर साचलेली उष्णता बाहेर पळत नाही. ते बाहेरच्या बाजूला उघडावे आणि त्याला आतून कडी नसावी, कारण घेरी येऊन पडलेला माणूस आतल्या बाजूला उघडणारे दार अडवून ठेवतो. पण मग बर्फ साचला की बाहेर उघडणारे दार अडकते! या पेचातूनच बाहेरची आडोशाची खोली जन्माला येते: कपडे उतरवण्याची, दम खाण्याची, गप्पांची, सोयरिकी जुळवण्याची जागा. आत कोणी फारसे बोलत नाही. संवाद लिहायचे असतील तर ते या खोलीत लिहावेत.

आराखडा सुचत नसेल तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला १४वा अध्याय पाहावा. त्यात घाम काढण्याचे १३ साग्निक प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या जेन्ताक या प्रकारात जलाशयाजवळ गोल कूटागार, आत भिंतीलगत फिरणारा ओटा आणि मधोमध निखाऱ्यांची भट्टी, अशी रचना आहे, आणि लाकडे नीट जळून धूर निघून गेल्यावरच आत शिरायचे आहे. आत जाणाऱ्याला बजावून सांगितले जाते की घामाने भोवळ आली तरी ओटा सोडू नकोस, कारण ओटा सुटला तर दार सापडणार नाही आणि जीव जाईल. ओट्याच्या कडेकडेनेच दाराशी ये. अंधारी, तापलेली खोली कशी असते हे सांगायला इतकी नेमकी सूचना मला दुसरीकडे आढळलेली नाही.

चौथी पायरी: धुराचा निर्णय

धुराडे ठेवायचे की नाही, हे इथे ठरवावे. धुराडे नसेल तर जाळ दगडांतून वर येतो, धूर खोलीभर फिरून दारातून आणि भिंतीतल्या झरोक्यातून निघतो, आणि विस्तव पूर्ण विझल्यावर, निखारे काढून टाकल्यावरच माणसे आत जातात. भिंती काजळीने काळ्याभोर होतात. एस्टोनियातल्या व्होरुमा भागातली धूरस्नानाची परंपरा युनेस्कोने २०१४ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. फिनलंडची सौना संस्कृती त्या यादीत २०२० साली आली. व्होरुमात याच खोलीत मांसही धुरावर मुरवतात. एकाच जळणात दोन कामे होत असतील तर डोंगरातला माणूस ती संधी सोडत नाही, हे आपल्या गावालाही लागू करावे.

इथला खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. त्याला रंग नाही, वास नाही. एखादा निखारा दगडांच्या आत धुगधुगत राहिला आणि झरोका लवकर लावला तर आतली माणसे गुंगीत जातात आणि उठत नाहीत. म्हणून पहिले पाणी माणसे आत बसण्यापूर्वी दगडांवर टाकून, त्या वाफेबरोबर राख, काजळी आणि उरलेला विषारी वायू बाहेर घालवण्याची पद्धत आहे. कल्पित संस्कृतीला कार्बन मोनॉक्साइड हा शब्द माहीत नसणार. तिला एवढेच माहीत असणार की घाई करणारे मरतात. तेव्हा ‘पहिली वाफ घराची’ असा नियम तिथे असेल, आणि तो मोडणाऱ्याचे काय झाले याची एक गोष्ट प्रत्येक आजी सांगत असेल.

पाचवी पायरी: माचा, पाणी आणि वाफ

बसण्याचा फळ्यांचा माचा इतका उंच असावा की बसलेल्याचे पाय दगडांच्या माथ्याच्या वर राहतील. त्याच्या खाली थंड हवा साचते आणि डोके भाजत असताना पाय गार पडतात. फळ्या लिंडेन, अ‍ॅस्पेन अशा मऊ, हलक्या, डिंक नसलेल्या लाकडाच्या असाव्यात. पाइनच्या गाठीतून गरम राळ टिपकते, आणि फळीच्या वर आलेला लोखंडी खिळा डागणी देतो, म्हणून लाकडी खुंट्या वापरतात. हाच नियम दागिन्यांना लागू होतो. वीराने गळ्यात धातूचा ताईत घालून वाफेत शिरणे हे चित्र देखणे असले, तरी मिनिटभरात तो ताईत त्याला काढावा लागेल. नाहीतर दोरा आधीच लांब, आणि ताईत हाडाचा, हे ठरवून ठेवावे.

आता लाकडी डावाने दगडांवर पाणी टाकण्याचा क्षण. हा एकच क्षण नीट लिहायला शिकले की वाफघराचे निम्मे काम झाले. सुमारे २०० अंशांच्या वर तापलेल्या दगडावर पाण्याचा थेंब चुरचुरत नाही. तव्यावर होतो तसा तो गोळी होऊन पळतो, कारण त्याच्या खालीच वाफेची गादी तयार होते. पळता पळता तो दगडांच्या फटीत उतरतो आणि मग खालून दबका, जाड आवाज येतो. दगड निवलेले असतील तर उलट मोठा फणकारा होतो, पाणी तिथेच उकळते आणि ओल खाली ठिबकते. म्हणजे मोठा आवाज हे वाफ कमी असल्याचे लक्षण आहे. अनुभवी म्हातारी माचावरून न उठता, नुसत्या आवाजावरून ‘आता बस करा, दगड थकले’ म्हणू शकते.

त्यानंतर क्षणभर काहीच होत नाही. मग वाफ छताला जाऊन खाली वळते आणि आधी कानांच्या पाळ्यांवर, मग खांद्यांवर, मग मनगटांवर उतरते. हवेचे तापमान तेवढ्यात फारसे वाढलेले नसते. भाजल्यासारखे वाटते ते वाफ त्वचेवर येऊन तिचे पाणी होताना जी उष्णता सोडते तिच्यामुळे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, आणि पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता समोर जे थंड असेल त्याला मिळते. इथे थंड असतो तो माणूस. आतला घाम हा सगळाच घाम नसतो, हे त्यामुळेच लक्षात ठेवावे. फिनिश भाषेत दगडांवरून उठणाऱ्या या वाफेला ल्योल्यु असा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्याचे हंगेरीतले भावंड असलेल्या शब्दाचा अर्थ आत्मा असा होतो. आपल्या कल्पित भाषेत एकच नवा शब्द बनवायचा असेल तर तो याच वाफेसाठी बनवावा. बाकीच्या वस्तूंना साधी मराठी नावे द्यावीत. प्रत्येक बादलीला परके नाव दिले की वाचक दमतो.

किती उष्ण, हे ठरवताना वाफ आणि तापमान यांचे गणित सांभाळावे. फिनिश सौना ८० ते १०० अंशांपर्यंत नेतात, पण तिथली हवा पाणी टाकेपर्यंत कोरडी असते. रशियन बान्यात तापमान कमी आणि ओल जास्त. हमाममध्ये ४०-५० अंशांतच हवा वाफेने भरलेली. शंभर अंश आणि दाट धुके एकत्र लिहिले तर पात्रे शिजून निघतील. डोळ्यांना दिसणारे धुके बहुतेक वेळा दार उघडल्यावर, बाहेरच्या गारठ्यात दिसते.

उंचीचाही विचार करावा. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो, म्हणजे ३,००० मीटरवर तो ९० अंशांच्या आसपास येतो. अंग धुवायला ते पाणी पुरेसे आहे. पण हवाही विरळ असते, जाळ नीट धरत नाही, आणि खालून आलेल्या माणसाला आधीच धाप लागलेली असते. म्हणून गावकरी पाहुण्याला पहिल्या दिवशी खालच्या फळीवर, दाराजवळ बसवतील, आणि वीर त्याला अपमान समजेल.

अंगावर मारायच्या डहाळ्यांच्या जुड्या उन्हाळ्याच्या मध्यावर कापतात, कारण तेव्हा पान कोवळेपणातून निघालेले पण देठाला घट्ट असते. सावलीत वाळवून, वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात भिजवतात. जुडी आपटण्यापेक्षा तिने गरम हवा अंगावर ओढणे हे मुख्य काम असते. थंड प्रदेशात बर्च आणि ओक चालतात. आपल्या डोंगरात कुठले झाड आहे ते पाहून ठरवावे.

सहावी पायरी: माणसे

इथवर आल्यावर रीतिरिवाज हाताशी येऊ लागतात. पहिल्या पाळीला उष्णता जास्त पण धुराचा अंश असतो, मधली पाळी सर्वांत चांगली, शेवटच्या पाळीला कोमट दगड आणि उरलेले पाणी. आता मधली पाळी कोणाची आणि शेवटची कोणाची, हे लिहिले की गावाची उतरंड लिहून होते. कपड्यांवाचून सगळे सारखे, असे गावकरी म्हणत राहतील आणि पाळीची यादी वेगळेच सांगेल. या विसंगतीवर एक अख्खे प्रकरण उभे राहू शकते.

जन्म आणि मृत्यू हेही याच खोलीत आणावेत. फिनलंडच्या खेड्यांत बायका बाळंतपणाला सौनात जात आणि मृताचे शेवटचे स्नानही तिथेच होई. थंड प्रदेशात उबदार, धुराने निर्जंतुक झालेली, गरम पाण्याची आणि एकांताची एवढी दुसरी जागा नसते.

देव-भुतांच्या बाबतीत माझे स्पष्ट मत आहे: आधी धोका शोधावा, मग त्याला चेहरा द्यावा. रशियन खेड्यांतल्या बान्यात बान्निक नावाचा एक चिडखोर भूत राहते अशी समजूत होती. शेवटची पाळी त्याच्यासाठी सोडत, पाणी आणि जुडी मागे ठेवत, आणि रात्री उशिरा एकट्याने आत जाणाऱ्याला ते गुदमरवते असे मानत. विझणारे निखारे, बंद झरोका आणि दमलेला एकटा माणूस हे त्रिकूट खरोखरच जीवघेणे आहे, तेव्हा या भुताला कामधंदा आहे. काहीही न राखणारे, नुसतेच गूढ असे भूत वाफघरात बसवू नये.

परक्या माणसाच्या डोळ्यांनी एक प्रसंग जरूर लिहावा. किएव्हच्या बाराव्या शतकातल्या बखरीत प्रेषित आंद्रेयाची एक कथा आहे. उत्तरेतली लाकडी स्नानगृहे पाहून आल्यावर तो रोममध्ये सांगतो की तिथले लोक खोली लालभडक तापवतात, उघडे होतात, कोवळ्या डहाळ्यांनी स्वतःला झोडपतात आणि वर गार पाणी ओतून घेतात, आणि हे त्यांच्याकडून कोणी करवून घेत नाही. पाहणाऱ्याला छळ दिसतो आणि करणाऱ्याला स्नान. नवख्या पात्राला नियम समजावून सांगणारे लांबलचक भाषण देण्यापेक्षा त्याला असेच चुकू द्यावे: तो वरच्या फळीवर जाऊन बसेल, स्वतःहून डाव उचलेल, आणि खोलीतले सगळे गप्प होतील.

सातवी पायरी: बाहेर येणे आणि आवरणे

बाहेर बर्फात लोळणे किंवा गोठलेल्या तळ्याच्या छिद्रात उतरणे याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते सगळेच लिहितात. एवढे लक्षात ठेवावे की अंगातून वाफा निघत असतात, ओले केस काही मिनिटांत ताठ होतात, ओला हात लोखंडी कडीला चिकटतो, आणि दारू पिऊन हे करणारे खरोखर मरतात. जेन्ताकाच्या वर्णनातही डोळे जपण्यासाठी बाहेर आल्याबरोबर गार पाण्याला हात लावू नये, आधी थकवा उतरू द्यावा, असे सांगितले आहे.

सगळे गेल्यावर वाफकरी एकटा आत जातो, आणि त्याचे हे काम कथेत बहुधा राहून जाते. तो माचावर दोन-तीन स्वच्छ पाण्याच्या बादल्या ओततो, ओल्या फळ्या उचलून उभ्या करतो, दार वीतभर उघडे ठेवतो, म्हणजे दगडांत उरलेल्या उबेने खोली सकाळपर्यंत कोरडी होते आणि ओंडके कुजत नाहीत. राखेचे टोपले तो बाजूला काढतो, कारण उद्या तिच्यात पाणी घालून कपडे धुण्याचे क्षाराचे पाणी काढायचे असते. शेवटी बाहेरून एक मोळी आणून तो भिंतीशी टेकवतो. पुढच्या आठवड्याचे सरपण या आठवड्याच्या उबेवर वाळते.